फूटपाथवर पाय देणार कोण

हुबळीबाहेर प्लॉट पाडून वसवलेल्या नव्या लेआउटमधला फूटपाथ सुधींद्रने स्वतः आखला होता आणि त्याचं कौतुक करताना तो थकत नसे. सपाट, सावलीचा, दुकानापासून बागेपर्यंत सलग. "लहान मूलसुद्धा एकटं जाईल," असं भेटेल त्याला सांगत सुटायचा. घरात मात्र त्याची आई, वेणूबाई, कलघटगी गावातलं घर सोडून आल्यापासून उंबरा ओलांडत नव्हती. "ओळखीचं कोण आहे इथं?" म्हणायची. त्याला ते फार लागायचं.

मंगळवारी लेआउटचे मालक हणमंतअण्णा पाहणीला यायचे होते. लोक फूटपाथवरून चालताना दिसले तरच पुढच्या टप्प्यात फूटपाथ, नाहीतर तिथं गाड्या लावायला जागा. आदल्या दिवशी जेवताना सुधींद्रने हे आईच्या कानावर घातलं. ती नुसती "बरं" म्हणाली.

सकाळी तो अण्णांना घेऊन आला आणि जागीच थिजला. फूटपाथ या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगोळीने भरला होता. कमळं, मोर, तुळशीवृंदावन! आणि शाळेची मुलं, दूधवाला, काठी टेकत जाणारे आजोबा, सगळे झाडून रस्त्यावरून चालले होते. रांगोळीवर पाय देणार कोण?

"हे कुणी केलं?" त्याने विचारलं.

"मीच की," बायकांच्या घोळक्यातून वेणूबाई पुढे आली. पदर खोचलेला, हात पांढरेफटक. "तुझे साहेब येणार म्हटल्यावर फूटपाथ तसाच उघडाबोडका ठेवायचा काय रे? पहाटेच दारोदार हिंडून सगळ्यांना बोलावलं. ही पद्मा. हिचं माहेर कलघटगीच."

आई दारोदार हिंडली! सुधींद्रला रागावता येईना. डोळेच भरून आले.

"एवढा खर्च केला, अन् लोक रस्त्यावरच?" अण्णा पुटपुटले आणि रांगोळीला वळसा घालून स्वतःही रस्त्यात उतरले. तेवढ्यात मागून जोरात हॉर्न वाजला. गाडी त्यांचीच, ड्रायव्हरही त्यांचाच. अण्णांनी दचकून उडी मारली ती थेट मोराच्या पिसाऱ्यात. अण्णांनी ओशाळून हळूच पाय उचलला.

"सुधींद्र," ते म्हणाले, "पुढच्या टप्प्यात फूटपाथ दुप्पट रुंद घ्या. अर्धा चालायला, अर्धा ह्यांच्या रांगोळीला."

वर्षभर नकाशे नाचवून जे जमलं नव्हतं, ते असं जमलं. सुधींद्रने आईचे पांढरे हात हातात घेतले.

"ऐकलंस? दुप्पट."

"ऐकलं की," म्हणत वेणूबाई पद्माकडे वळली. "आता रांगोळीत रथ बसतो बघ. आख्ख्या रुंदीत."