भालेरावकाकांचा एक रुपयाचा दावा

भालेरावकाका बसमधून उतरण्याआधी शेवटच्या पायरीवर थांबून स्वतःची झडती घेत. चष्मा, छत्री, पिशवी, पाकीट आणि सर्वांत शेवटी तोंडात बोट घालून कवळी. मागं माणसं खोळंबायची. कुणीतरी म्हणायचं, "आजोबा, मुहूर्त बघताय का?" काका शांतपणे म्हणत, "घाई करणाराच खिसा कापतो."

वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची उभी हयात गेलेली. नोकरीतून ते निवृत्त झाले, संशयातून नाही. नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर ते एकटे राहत. त्यांच्या डोक्यावर मी. भाजी आणायला जाताना पाव किलोचं स्वतःचं वजन त्यांच्या खिशात असे. मळ्यातून फुलं घेऊन येणारी मावशी त्यांना लांबून बघूनच पाटी झाकायची. "बाबा, मी वाट्यानं विकते, त्याचं काय तोलता?" गॅसवाल्याला तर ते आधी सिलिंडरसकट काट्यावर उभं करत, मग नुसत्याला. "कुठंतरी पाणी मुरतंय, देवरे," हे माझ्यापाशी त्यांचं पालुपद. कुठं मुरतंय ते सापडलं नाही, की संशय दुप्पट.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. आमच्या बसच्या छताखालून बेलची एक दोरी जायची. कंडक्टरनं एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. गर्दीत कंडक्टर पुढं अडकला, की मागच्या दाराजवळचे आम्ही नेहमीचे लोक ती ओढून त्याचं काम हलकं करायचो. त्यात कुणाला काही गैर वाटत नसे.

त्या दिवशी मला द्वारका चौकातल्या ऑफिसात पोचायला उशीर होत होता. आदल्याच दिवशी साहेबांनी सगळ्यांदेखत सुनावलेलं. काका अलीकडे शालिमारच्या थांब्यावर उतरत होते. पायरीवर उभे, कवळीपर्यंत पोचलेले. मी दोरी दोनदा ओढली.

हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

गाडीनं हिसका दिला आणि काका रस्त्यावर. उजवं मनगट मोडलं, गुडघा सोलवटला. पुण्याहून मुलगा आला. म्हणाला, "बाबा, आता चंबूगबाळं आवरा. तुम्हाला बसमधून धड उतरता येत नाही."

"मला उतरता येतं. त्यांना थांबता येत नाही. तसं लेखी आणलं तर?"

"आणा," मुलगा वैतागला. "मग राहा इथंच."

एवढ्यावर सगळं आलं. काकांचं स्वतःचं घर, स्वतःचा बाजार, स्वतःची भांडणं एका कागदावर लटकली.

हात प्लास्टरमध्ये. म्हणून अर्ज आणि त्यामागची स्मरणपत्रं लिहायला मी. तीन महिने रोज संध्याकाळी मी खाली जायचो. काका येरझारा घालत सांगायचे, "'वाहकाने प्रवासी उतरण्यापूर्वीच बेल दिली.' लिहिलंत?"

"लिहिलं."

"वाचा पुन्हा."

मी वाचायचो. अक्षर माझं वळणदार आहे. एकदाही हललं नाही.

बस खात्याच्या ऑफिसात कारकून म्हणाला, "मागणीची रक्कम कोरी आहे."

"पैसे नकोत. चूक कबूल करा."

"आजोबा, आकडा नसेल तर अर्ज आवकच्या वहीत चढत नाही."

"लिहा देवरे, एक रुपया."

कारकुनानं चष्मा काढला. आमच्याकडे बघितलं, मग आमच्या मागं बघितलं. "एक रुपया? कोण आहे तुमच्या पाठीशी? युनियन की पेपरवाले?"

हजारो रुपये मागणारे खात्यानं पचवले होते; हा एक रुपया त्याच्या घशात अडकला. आठवड्यानं खात्याचा तपासनीस घरी आला. काकांनी त्याचं ओळखपत्र भिंगाखाली धरलं. त्यानं काकांचं प्लास्टर बोटानं ठोकून बघितलं. मी दोघांपुढं चहा ठेवला. आधी कोण पितो याची दोघं वाट बघत बसले. शेवटी दोन्ही कप मीच प्यायलो.

काकांनी ड्रायव्हरवर संशय घेतला, हाडांच्या डॉक्टरवर घेतला, पोस्टमनवर घेतला. माझ्यावर नाही. तेच मला झोंबायचं.

चौकशीच्या दिवशी बस खात्याच्या साहेबांपुढं कंडक्टर आला. दिंडोरीकडचा, नुकता लागलेला. टोपी दोन्ही हातांत पिळत होता. "म्या दोरी नाय वढली, साहेब. म्या पुढं बायांची तिकिटं फाडीत व्हतो."

"मग काय भुतानं ओढली?"

"लय जनं वढत्यात, साहेब."

"म्हणजे तू ओढू देतोस! अजून कायम झाला नाहीस. आजोबांचं खरं ठरलं तर उद्यापासून येऊ नकोस."

काका दचकले. "एका रुपयासाठी?"

"रुपयाचं काय घेऊन बसलात? खात्यानं चूक कबूल करायची तर चूक करणारा दाखवावा लागतो." मग साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही मागच्या दारात होतात. दोरी कुणी ओढली?"

"गर्दी होती," मी म्हणालो. "नीट दिसलं नाही."

काका माझ्याकडे बघत राहिले. दुकानदाराच्या काट्याकडे बघत तसे नाही. एखाद्याला बोलायला वेळ द्यावा, तसे. मी टेबलावरच्या फायली बघत होतो.

"लिहून घ्या, साहेब," काका म्हणाले. "गाडी सुटल्यावर मीच उतरलो. या माणसाचा दोष नाही."

"मग इतके दिवस हा तमाशा कशाला?"

"म्हातारा माणूस. संशयी."

प्लास्टरमधून नुकत्याच सुटलेल्या, ताठरलेल्या हातानं त्यांनी सही केली. त्या सहीबरोबर त्यांचं नाशिक सुटलं. कंडक्टर पाया पडायला वाकला, तर पाय मागं घेत म्हणाले, "नको हो, गुडघा दुखतो."

बाहेर आल्यावर रिक्षाची वाट बघताना त्यांनी विचारलं, "त्या दिवशी फार घाई होती का, देवरे?"

"होती," मी म्हणालो. "मग माझं नाव का नाही सांगितलंत?"

"आधीच सांगितलं असतं तर तुम्ही रोज संध्याकाळी खाली आला नसतात."

ऑफिसचं दार दहा पावलांवर होतं. परत आत जाऊन खरं सांगता आलं असतं. मी रिक्षाला हात केला.

पुढच्या रविवारी मुलगा न्यायला आला. सामान भरून झाल्यावर काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुण्याला याल ना? काही लिहायचं नसलं तरी?"

"येईन की," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही, माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं नाही. "बरं," म्हणाले आणि समाधानानं गाडीत बसले.

मी गेलो नाही.