डाव्या हाताचं पुस्तक

नाना केळुसकरांनी हिरांची केरसुणीसुद्धा कधी तीन कोटेशनं मागवल्याशिवाय घेतली नाही. जामसंड्याच्या बाजारात केरसुण्या विकणारी बाई एकच. नाना तिला भाव विचारत, चार पावलं मागं जाऊन परत येत आणि नव्यानं विचारत. मग तीच म्हणे, "नानांनू, तिसरो भाव माझ्या सासूचो समजा आणि घेवा एकदाची." नाना समाधानानं केरसुणी काखेत मारत. भाव कमी व्हावा असा त्यांचा आग्रह नसे. प्रक्रिया पूर्ण व्हावी, एवढंच.

पंचायत समितीच्या भांडार विभागात त्यांची सबंध नोकरी झाली. खडू, बादल्या, सतरंज्या, शाळांच्या घंटा, जे काही सरकारला लागतं ते नानांच्या हातून गेलं. पुढे ते निवृत्त झाले, पण ते पगारापुरतं. मुलीच्या लग्नासाठी आलेलं पहिलंच स्थळ सगळ्यांना पसंत होतं. तरी आणखी दोन येईपर्यंत नानांनी त्या मंडळींना ताटकळत ठेवलं. ते जावई आजही स्वतःची ओळख 'मंजूर निविदा' अशी करून देतात.

नानांना दोन भाषा होत्या. घरात, अंगणात, माशांच्या बाजारात मालवणी. खरेदीचा विषय निघाला की मात्र थेट शासकीय मराठी. "गो, चाय टाक," म्हणणारा माणूस पिशवी घेऊन बाहेर पडला की "चहापूड खरेदीबाबत" बोलू लागे. मी त्यांचा शेजारी. कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे दोन्ही भाषा मला समजत. आणि एकीतून दुसरीत ते कुठल्या पायरीवर शिरतात, हे बघायला मला आवडे.

त्यांच्या बायको, माई, वाचणाऱ्या होत्या. वाचनालयात नवी कादंबरी आली की ग्रंथपाल ती आधी माईंसाठी बाजूला काढून ठेवी. दुपारी जेवणं आटोपली की त्या माजघरातल्या खाटेवर भिंतीला टेकून बसत, आणि मग घरात कोणी आलं तरी त्यांना दिसत नसे. नाना स्वतः काही वाचत नसत. ज्या मजकुराखाली सही-शिक्का नाही त्यावर विश्वास कशाला ठेवायचा, असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

२००९ च्या उन्हाळ्यात माईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. वाचा काही महिन्यांत परत आली; नानांच्या दृष्टीनं हे चांगलं की वाईट, ते दिवसागणिक बदले. डोळे उत्तम होते. पण जाडजूड कादंबरी एका हातानं उघडी धरायची आणि त्याच हातानं पान उलटायचं, हे जमेना. पुस्तक छातीवर पडे, पान निसटे. तेव्हा नाना स्टूल घेऊन बाजूला बसू लागले. पुस्तक धरणं आणि पान उलटणं, ही त्यांनी स्वतःकडे घेतलेली कामगिरी.

ती रोज दुपारी आमच्या ओटीपर्यंत ऐकू येई.

"उलटा."

"थांब गो. माझां व्हायचां आसा."

"तुमका कित्या वाचूक होयां? तुमी पान धरा."

"पान धरलेल्या माणसाक डोळे आसतत."

माईंचं पान एका मिनिटात होई. नाना प्रत्येक ओळ तपासणीला आल्यासारखी वाचत. एकदा तर नायिका विहिरीच्या काठावर उभी असताना त्यांनी पान अडवून धरलं, कारण मागच्या प्रकरणात ती विहीर गावाच्या पूर्वेला होती आणि आता पश्चिमेला निघाली होती.

एके दिवशी मी समाचाराला गेलो असता माई म्हणाल्या, "मास्तरांनू, माका कोणी वाचून दाखवूक नको नि पानां उलटूक नको. माका एकटीक वाचूचां आसा. ह्या घरात इल्यापासून तेवढीच एक गजाल माझ्या एकटीची होती."

स्वयंपाकघरात टोपावर झाकण पडल्याचा आवाज झाला. नाना तिथं चहा करत होते.

त्याच आठवड्यात पुण्याहून त्यांची मुलगी शुभदा हिचा फोन आला. आता पुस्तकं वाचायचं एक यंत्र निघालं आहे, पाटीएवढं, पान बटणानं उलटतं. दुसऱ्या दिवशी नाना माझ्याकडे हजर. पायरी चढतानाच भाषा बदललेली होती.

"ई-रीडर खरेदीबाबत आपलं मत हवं आहे. अट एकच. यंत्र एका हाताने, आणि तेही डाव्या, पूर्णपणे चालवता आलं पाहिजे. बाकी गुण असले तरी चालतील, नसले तरी चालतील."

पहिलं कोटेशन शारजातल्या पुतण्याचं. त्यानं तिथल्या दुकानातून फोन करून एका यंत्राचं कौतुक केलं. नानांनी त्याला उजवा हात पँटच्या खिशात घालायला सांगितलं.

"आता डाव्या हाताने उचल. उचललंस? पान उलट."

"काका, ह्येका पेन आसा. पेनान टोचल्यार पान उलटता."

"पेन कुठल्या हातात धरलंस?"

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"हात खिशातून काढलास ना?"

"काका, माका हयले सिक्युरिटीवाले बघतत."

"अपात्र," नानांनी निकाल दिला आणि फोन ठेवला.

दुसरं कोटेशन कणकवलीचं. तिथल्या मोबाइलच्या दुकानात जाताना नाना आपला उजवा हात पंच्यानं गळ्यात अडकवून गेले. मी सोबत होतो. दुकानदारानं धावत येऊन स्टूल दिलं. "काका, बसा, बसा. कधी झालां ह्यां?"

"चाचणी चालू आहे," नाना म्हणाले.

त्याच्याकडे ई-रीडर नव्हताच. पण गिऱ्हाईक सोडायचं नाही म्हणून त्यानं एक रुंद मोबाइल पुढे केला. "ह्येच्यात पुस्तकां येतत. गाणी पण वाजतत."

"गाणी वाजवणं अटींमध्ये नाही."

"फोन पण लागता, काका."

"मग बायकोच्या बहिणीचा फोन येईल, आणि वाचन बाजूला राहील. अपात्र."

येताना एसटीत कंडक्टरनं त्यांना अपंगांच्या सीटवर बसवलं. नाना नको म्हणाले नाहीत. गाडी हलल्यावर त्यांनी डाव्या हातानं खिशातून पैसे काढायचा प्रयत्न केला, चष्म्याचं घर खाली पडलं, ते उचलताना पिशवी पडली. पंचा सोडावा म्हणून मी हात पुढे केला. "ऱ्हवांदे," ते मालवणीत म्हणाले. "बघूया, किती जमता."

तिसरं कोटेशन शुभदाचं. तिनं पाठवलेल्या यंत्राच्या चित्रात पान उलटायची बटणं दोन्ही कडांना होती. नानांनी चित्रावरून मापं काढली, सुताराकडून तेवढ्याच आकाराची फळी कापून घेतली, डाव्या कडेला खडूनं बटण काढलं आणि फळी माईंच्या हातात दिली. अंगठा पोचतो का, मनगट दुखतं का, उशीवर टेकवली तर घसरते का, याची पाहणी झाली.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"फळी बरी आसा," माई म्हणाल्या. "पण गजाल फुडे सराक नाय."

शुभदाच्या ऑफिसमधल्या कोणी तरी अमेरिकेहून येताना ते यंत्र आणलं आणि ते कुरियरनं जामसंड्याला आलं. आमच्याकडची खारी हवा रेडिओ-टीव्हीला दोन वर्षांत गंज आणते, म्हणून नानांनी त्याच्यासाठी आधीच घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा धुऊन ठेवला होता. शुभदानं काही मराठी पुस्तकं त्यात भरून पाठवली होती. माईंनी डाव्या हातात यंत्र धरलं. अंगठा बरोबर बटणावर पडला. पान उघडलं.

पानभर चौकोन होते. रिकामे, एकसारखे, ओळीनं मांडलेले चौकोन. यंत्राला इंग्रजी येत होतं. मराठी अक्षर समोर आलं की ते एक चौकोन काढून मोकळं होई. माईंनी बटण दाबलं. पुढच्या पानावरही चौकोन. त्यांनी आणखी काही पानं उलटली, मग यंत्र उशीखाली सारलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

नाना 'अपात्र' म्हणाले नाहीत. ते माझ्याकडे आले, पायरीवरच थांबले, आणि खरेदीच्या कामासाठी त्या पायरीवर मी त्यांच्या तोंडून प्रथमच मालवणी ऐकली. "मास्तरांनू, कायतरी करा."

उपाय तसा साधा होता, फक्त कष्टाचा. अक्षरं वाचता येत नसली तरी यंत्राला चित्र दाखवता येत होतं. माझ्याकडे कॉलेजच्या कामासाठी घेतलेला स्कॅनर होता. पुस्तकाच्या प्रत्येक पानाचं चित्र काढायचं, अक्षर मोठं दिसावं म्हणून त्याचे वरचा आणि खालचा असे दोन तुकडे करायचे, आणि सगळे ओळीनं जोडून यंत्रात भरायचे. कापाकापी आणि जोडणी मी करणार. पानं काचेवर ठेवणार नाना.

त्यासाठी माईंनीच एक जुनी कादंबरी सांगितली. नानांनी ती वाचनालयातून आणली. रोज दुपारी वामकुक्षी आटोपली की ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन येत. पंच्यानं काच पुसत, पान नीट दाबून ठेवत, झाकण लावत, आणि दिवा सरकत जाईपर्यंत श्वास रोखून उभे राहत. वीज गेली की खुर्चीत बसून पुढचं वाचत. प्रत्येक पान काचेवर जाण्याआधी त्यांच्या नजरेखालून जाई. या कामात त्यांना कोणी "उलटा" म्हणत नव्हतं, तरी ते पूर्वीपेक्षा भराभर वाचू लागले होते.

कादंबरीत बायजाक्का नावाची एक बाई होती. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली, पण जिभेनं सगळं घर चालवणारी. नानांना ती फार आवडे. "आज बायजाक्कान दिराची बरी खरडपट्टी काढल्यान," ते झाकण लावता लावता मला सांगत.

शेवटचा गठ्ठा जोडताना माझ्या लक्षात आलं की दोनशे बारानंतर एकदम दोनशे एकविसावं पान येतं. पुढे दोनशे तेविसाव्या पानावर दोन ओळींच्या जागी पांढरा पट्टा होता. काचेवर पान ठेवताना कोणी तरी वर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवल्याशिवाय असं होत नाही.

"नाना, मधली पानं राहिली."

नाना काच पुसत होते. ती आधीच स्वच्छ होती. "सदर पानं मूळ नस्तीत आढळून येत नाहीत," ते म्हणाले.

नस्ती म्हणजे फाईल. कचेरीत नको असलेला कागद फाडत नाहीत, जाळत नाहीत. तो नस्तीत आढळून येत नाही. आपल्या नोकरीत असा एकही कागद झाला नाही, हे नाना अभिमानानं सांगत. पुस्तक आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर होतं. माझा हात तिकडे जाताना त्यांनी पाहिला, पण अडवलं नाही. "माईक चायची येळ झाली," म्हणून ते निघून गेले.

पानं जागच्या जागी होती. त्यांत बायजाक्का मरते. मरते तेही पटकन. लेखकाला घाई झाली असावी. मग तेराव्याला जमलेले घरचे आणि शेजारचे एकामागून एक म्हणतात, सुटली बिचारी. दीर म्हणतो, सून म्हणते, जिला तिनं वाढवलं ती पुतणीही म्हणते. पट्टीखाली गेलेल्या दोन ओळींतही तिच्या मरणाचाच उल्लेख होता.

माई गोव्याच्या इस्पितळातून घरी आल्या तेव्हा भेटायला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी ओटीवर, आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं होतं, "असां पडान रवण्यापरीस सुटली असती तर बरां झालां असतां." नाना उठले, त्या बाईंच्या चपला आणल्या आणि त्यांच्यासमोर रस्त्याकडे तोंड करून नीट मांडून ठेवल्या.

मी कादंबरी होती तशीच, पांढऱ्या पट्ट्यासकट, यंत्रात भरली.

चार-पाच दिवसांनी त्यांच्याकडे गेलो. माई भिंतीला टेकून बसल्या होत्या, यंत्र उशीवर, डावा अंगठा बटणावर. मी आलो हे त्यांना दिसलं नाही. मला तेच हवं होतं. जरा वेळ उभा राहून मी परत फिरणार, इतक्यात त्यांनी मान वर केली. नाना स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवत होते. तो आवाज चालू असल्याची खात्री करून घेऊन त्या हलक्या आवाजात म्हणाल्या,

"मास्तरांनू, ह्यां पुस्तक मिया लग्नाआधीच वाचलंय. बायजाक्का मरता, तां माका ठावक आसा."

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"तेंका सांगू नकात हां. किती जपान काढल्यानी ती पानां."

"पण मग माई, सगळं ठाऊक असताना वाचायला काय उरलं?"

"उरलां कसां नाय?" माईंनी यंत्र जरा वर उचललं. "हय ती मरणाच नाय. आता फुडे काय होतलां, तां माका पण ठावक नाय."

विळीचा आवाज थांबला. नाना दारात आले. दोन्ही हातांना ओलं खोबरं लागलेलं, त्यामुळे ते चौकटीला न टेकता मध्येच उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहणं टाळलं.

"मजकूर सलग लागतो ना?" त्यांनी माईंना विचारलं. "काही त्रुटी?"

"लागता तर," माई म्हणाल्या. "एक अक्षर गेलां नाय."