मेश्राम सरांचं न रागावणारं मशीन

एटीएमनं नुसतं ‘व्यवहार अमान्य’ म्हटलं की आमचे मेश्राम सर तिथून हलत नाहीत. मागे रांग खोळंबलेली असते आणि सर त्या पडद्याला विचारत असतात, "काहून? कारण सांग ना गा." कारण मिळत नाही. मग बाहेर येऊन ते रांगेतल्या प्रत्येकाला सांगतात, की बिचाऱ्या मशीनचा दोष नाही, बनवणाऱ्याला वळण लागलेलं नाही.

मनीषनगरात ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाले. या वयात लोक सकाळी फिरायला जातात. सर व्हर्च्युअल मशीन बनवतात. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला दुसरा, नुसत्या प्रोग्रामचा बनलेला कॉम्प्युटर. त्यावर चालणारी भाषाही त्यांचीच, आपल्या नागपुरी मराठीतली. मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे, त्यामुळे दर रविवारी त्यांच्या तावडीत सापडतो.

"माणूस म्हणते, पोहे कर," ते समजावतात. "मशीनले पोहे मालूम नाही. त्याले कढई ठेव, तेल टाक, असं एकेक सांगा लागते." या बारक्या आज्ञा किती आणि कोणत्या ठेवायच्या, यावर सरांची झोप उडते. जितक्या कमी, तितकं मशीन सांभाळायला सोपं. एकदा बऱ्याच खटपटीनंतर एक आज्ञा वगळता आली, तेव्हा त्यांनी अख्ख्या बिल्डिंगमध्ये संत्रा बर्फी वाटली. कशाची ते कोणाला कळलं नाही. काहींनी नातू झाला समजून अभिनंदन केलं, तेही सरांनी ठेवून घेतलं.

मी एकदा म्हणालो, सर, एवढा खटाटोप कशाला? तुमच्या भाषेतला प्रोग्राम दुसऱ्या एखाद्या प्रचलित कॉम्प्युटर-भाषेत बदलून टाका, तिचं तयार मशीन आहेच. एरवी वाद घालायला सर एका पायावर तयार असतात. त्या दिवशी मात्र उठले, स्वयंपाकघराकडे नजर टाकली आणि दार लोटून घेतलं.

"अन् चालता चालता आत काही बिघडलं, तर बोलन कोण? थे दुसरं मशीन. इंग्रजीत."

मग हळू आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या पत्नी, लताकाकू, मराठी शाळेत गणित शिकवायच्या. घरी पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा सरांनीच त्यांना हौसेनं प्रोग्राम लिहायला बसवलं. काहीतरी चुकलं आणि पडद्यावर इंग्रजी ओळ आली.

"तिनं मले विचारलं, हे काय म्हणून राहिलं? अन् मी हासलो, बापू. माझे विद्यार्थी बसले होते, थेही हासले."

काकू उठल्या, त्या पुन्हा कधी कॉम्प्युटरसमोर बसल्या नाहीत. सरांनी कितीदा तरी माफी मागितली. काकू म्हणायच्या, जाऊ द्या, मले नाही जमत. गणिताच्या बाईंनी ‘नाही जमत’ म्हणावं, हे सरांच्या जिव्हारी लागलं होतं. म्हणून त्यांना तळापासून सगळं स्वतःच्या हातचं हवं होतं, म्हणजे चूक कुठेही होवो, मशीन काकूंशी त्यांच्या भाषेत आणि अदबीनं बोलेल. त्या फक्त एकदा बसल्या पाहिजेत. मला त्या दिवशी हा माणूस फार आवडला.

मागच्या रविवारी मशीन पुरं झालं. काकूंना बोलवायला सर धजेनात. शेवटी मी गेलो आणि त्यांना जवळजवळ ओढतच आणलं. पदराला हात पुसत काकू खुर्चीच्या टोकावर बसल्या. करंज्या माणसांत सारख्या वाटायच्या, असा एक छोटा प्रोग्राम त्यांनी सरांनी दाखवलेल्या आज्ञा वापरून सावकाश लिहिला. आणि माणसांच्या जागी मुद्दाम शून्य टाकलं. शेवटी गणिताच्याच बाई. सरांनी माझा दंड घट्ट धरला.

पडद्यावर अक्षरं आली: "शून्यानं भाग जात नाही, म्हणून मी इथं थांबलो. याच्या वरचं तुमचं सारं बरोबर आहे."

काकूंनी ते वाचलं, परत वाचलं. मग मागे न वळता विचारलं, "हे तुम्ही लिहिलं?"

सर कसेबसे ‘हो’ म्हणाले.

"त्या दिवशी एवढंच म्हणाचं होतं ना."

सरांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही. काकूंनी शेजारची खुर्ची ओढून जवळ घेतली.

"बसा इथं," त्या म्हणाल्या. "पुढचं शिकवा."