डोकं कुणाच्या ताटात?

मृगाच्या दिवशी हैदराबादेत घरोघरी मासा शिजतो, आणि अंबरपेठेतल्या आमच्या गल्लीत घरोघरच्या दारात निळकंठराव उभे राहतात. हातात स्टीलचा डबा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. थेट प्रश्न : "वहिनी, डोकं कुणाच्या ताटात?"

बाईनं कटला माशाचं डोकं आणि काळीज डब्यात टाकलं, की मगच स्वारी पुढच्या दारी.

निळकंठराव सरकारी प्रयोगशाळेत होते. कारखान्यांजवळच्या तलावांतले मासे चिरायचे आणि त्यांच्यात शिसं किती, कॅडमियम किती, ते मोजायचं, ही नोकरी. निवृत्तीनंतर सुरी सुटली, खोड नाही. बाजारात दिसेल त्या माशाचा कल्ला उचलून बघणार. मासेवाली ओरडते, "साब आ गए! मच्छी ढाँको रे!" हे आपले शांतपणे मला दाखवतात, "हा चिकट थर बघा. पाण्यात राहून गुदमरत होता बिचारा. ह्याचा तर कणाच वाकलाय. माशाला ओरडता येत नाही ना, वहिनी."

धातू म्हणे मांसात कमी मुरतो. काळजात आणि डोक्यामागच्या मूत्रपिंडात जास्त.

मला तेव्हा पन्नाशी लागलेली, म्हणजे मी तरुण आणि अतिशहाणी. "कसला धातू नि कसलं काय! बायको गेलीय, एकटा जीव. डोक्यांचं कालवण करून वरपतो," ही बातमी मीच गल्लीभर पोचवली. आमच्याकडे मधल्या तुकड्या पुरुषांना, डोकं-काळीज सुनेला, हा सासूबाईंचा कायदा. पहिली दोन वर्षं मी रडत खाल्लं, पुढे चटक लागली. मग मी काय करावं? शेपटी आणि पर कागदात गुंडाळायचे, वजनाला आत एक बटाटा सरकवायचा आणि भोळा चेहरा करून म्हणायचं, "घ्या भाऊजी, डोकं!" दार लावलं की डोकं चोखत बसायचं. अशी कितीतरी वर्षं. केवढा पराक्रम वाटायचा मला त्याचा!

आता आमचे हे नाहीत, मुलं परगावी. यंदा मृगाला निळकंठराव सगळ्यांत आधी माझ्याच दारी आले तेव्हा मलाच राहवलं नाही. विचारलं, "भाऊजी, एवढ्या वर्षांत पुडी कधी उघडून पाहिलीत का?"

"दर वर्षी. बटाटे चांगले असायचे."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "मग बोलला का नाहीत?"

"दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा सांगायचो की, डोकं खाऊ नका. तुम्ही हसायचात."

खरंच हसायचे. विषय बदलायचा म्हणून मी विचारलं, "तुमच्याकडे डोकं कोण खायचं हो?"

ते खुर्चीत बसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"ही. ज्या तलावातले मासे तपासायचो, रविवारी त्याच तलावावर गळ टाकायचो. आणण्याआधी तपासलं होतं, वहिनी. मांस तपासलं. मांस ठीक होतं, म्हणून खुशाल आणायचो. डोकं कोण खातं ते बघितलंच नाही. रोज समोर बसून जेवायची, पण तिच्या ताटात काय आहे..." त्यांनी डबा मांडीवर घेतला. "तिची मूत्रपिंडं गेली. कशानं, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. मलाही येत नाही. शेवटपर्यंत दुखतंय म्हणाली नाही."

मी उठून ओट्यावरचं डोकं आणलं. ह्या वेळी खरं. बटाट्याशिवाय. त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी डबा उघडला. आत केळीच्या पानावर तळलेली तुकडी होती, अजून कोमट.

"चांगल्या पाण्यातला मासा आहे. मधली तुकडी. तुम्ही खा."

सत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदा कुणीतरी माझ्या ताटात मधली तुकडी वाढली. मी जेवायला बसले. निळकंठराव समोर बसून राहिले, आणि शेवटचा घास संपेपर्यंत त्यांनी माझ्या ताटावरची नजर काढली नाही.