खिंडीपलीकडे बऱ्यापैकी ऐकू येतं

रानात हरवलेल्या माणसाला शोधून आणणं ही शासनाची जबाबदारी आहे. आमच्याकडे, म्हणजे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, शासन ती अत्यंत गांभीर्याने पार पाडतं. जबाबदारी शासनाची, पाय आमचे. आणि त्या पायांतले बूट, गाडीतलं डिझेल, दोर नि बॅटऱ्या हे सगळं येतं सॉसेजमधून. दर शनिवारी हार्डवेअरच्या दुकानाबाहेर आमचं शोधपथक तवा मांडतं आणि पावाच्या एका कापात एक सॉसेज गुंडाळून, वर परतलेला कांदा नि टोमॅटो सॉस घालून विकतं. गावाने माणूस वाचवायचा असेल तर गावाने आधी पोटभर खाल्लं पाहिजे, अशी ही व्यवस्था. एका वर्षी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चरबीविरुद्ध व्याख्यान दिलं आणि त्या हिवाळ्यात आमचे दोर बदलायचे राहिले.

पथकाचा प्रमुख राविरी. एरवी तो रस्त्याच्या कामावर खोदाईचं यंत्र चालवतो. त्याच्यासोबत माझा नवरा मर्व्ह, जो साठी उलटली तरी नदीत सगळ्यांच्या आधी उतरतो. का, तर म्हणे त्याला पाण्याची सवय आहे. आणि तिसरी मी, लॉरेल. पथक रानात शिरलं की मी रग्बी क्लबच्या खोलीत रेडिओसमोर बसते. कोण कुठे पोचलं ते ऐकायचं, नकाशावर टाचण्या सरकवायच्या आणि किटली थंड होऊ द्यायची नाही, हे माझं काम.

हे काम वायकोरा खिंडीपर्यंत चालतं. खिंड ओलांडली की रेडिओ गप्प. साधी खरखरही येत नाही. आणि लोक हरवतात ते नेमके खिंडीपलीकडे, कारण अलीकडे हरवण्याजोगं काही नाहीच. नदीही पलीकडेच. त्यामुळे खिंडीत दिसेनासा झालेला मर्व्ह पुन्हा अलीकडे येऊन रेडिओवर "किटली ठेव" म्हणेपर्यंत मी विवाहित आहे की विधवा, हे मला नक्की सांगता येत नाही. यावर उपाय आहे: कड्यावर एक मनोरा आणि नवे रेडिओ. पण तेवढी सॉसेजं खायची तर आमच्या गावाला आणखी एक गाव मदतीला लागेल.

म्हणून सरकारने 'राष्ट्रीय स्वयंसेवक सक्षमीकरण निधी' जाहीर केला, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी सरकारबद्दल बरं बोलले. आमच्या गरजांचं मूल्यमापन करायला निधीकडून टोबायस प्रेंटिस नावाचा सल्लागार आला. तरुण, सभ्य, आणि गाडीतून उतरताक्षणी इथल्या चावऱ्या चिलटांनी फोडून काढलेला. मी चीज घातलेले स्कोन, म्हणजे चहासोबतचे छोटे जाड पाव, केले होते. सगळे टेबलाभोवती बसलो.

इथे आमच्या माणसांबद्दल एक सांगायला हवं. या किनाऱ्यावर माणूस 'हवंय' म्हणत नाही. पाय मोडला तर तो 'जरा अवघडलाय'. पुरात गोठा वाहून गेला तर 'थोडी ओल आली'. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली, तर ॲम्ब्युलन्समध्ये पडल्या पडल्या तो ड्रायव्हरची माफी मागत होता, की उगाच तुला आडवाटेला यावं लागलं. मागणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उचलणं, हे इथे आईच्या दुधातून मिळतं.

"तर पथकाच्या गरजा काय आहेत?" टोबायसने विचारलं.

राविरीने मर्व्हकडे पाहिलं. मर्व्हने स्कोनकडे पाहिलं.

"तशा काही नाहीत," राविरी म्हणाला. "भागतंय आमचं."

"गाडी?"

"चालते."

"उतार असला की चालते," मी म्हणाले.

"उतार भरपूर आहेत इथे," मर्व्ह म्हणाला.

"दोर?"

"अजून तुटला नाही."

"आणि रेडिओ? खिंडीपलीकडे संपर्क राहतो का?"

"बऱ्यापैकी," मर्व्ह म्हणाला.

मला राहवलं नाही. "बाळा, याचं काही लिहून घेऊ नकोस. खिंडीपलीकडचा एक शब्द ऐकू येत नाही. हा तिकडे मेला तरी मला कळायचं नाही."

"लॉरेलला काळजी करायची सवय आहे," मर्व्हने टोबायसला समजावलं. "तिची आईपण तशीच होती."

"उत्तरेकडच्या पथकाचे हाल जास्त आहेत," राविरी म्हणाला. "त्यांचं बघा आधी."

नंतर कळलं, उत्तरेकडच्या पथकाने आमचं नाव सुचवलं होतं.

अहवाल आला. 'सदर पथक पूर्णतः स्वावलंबी असून साधनसामग्रीविषयक कोणतीही गरज आढळून आली नाही. तथापि एका आनुषंगिक सदस्येस (चहा) चिंतेचा त्रास असल्याचे निदर्शनास आले. तातडीने हस्तक्षेप करावा.'

हस्तक्षेप विमानाने आला. ती श्वसन-प्रशिक्षिका होती. गोड मुलगी. रेडिओ गप्प झाला की नाकाने श्वास घ्यायचा, डोळे मिटायचे आणि समुद्र आठवायचा, असं तिने मला शिकवलं. मी म्हटलं, समुद्र खिडकीतून दिसतोच. ती म्हणाली, तो नव्हे, शांत समुद्र. तिचं मानधन, प्रवास, मुक्काम आणि माझ्यासाठी आणलेली सुवासिक उशी या सगळ्यात निम्मा मनोरा उभा राहिला असता. पण मनोरा हा साधनसामग्री या शीर्षाखाली येतो, आणि साधनसामग्रीची आम्हाला गरज नव्हती.

उशीपर्यंत ठीक होतं. पण उशी मिळाल्यामुळे आमचं पथक 'निधीप्राप्त संस्था' झालं. आणि निधीप्राप्त संस्थेने त्याच कारणासाठी जनतेकडून पैसे गोळा केले, तर तो दुहेरी लाभ ठरतो. टोबायसने स्वतः फोन केला. त्याला संकोच वाटत होता, हे मला स्पीकरवरूनही कळत होतं.

"सॉसेजं बंद करावी लागतील," तो म्हणाला.

"बरं," राविरी म्हणाला.

"तुम्हाला चालेल ना?"

"चालवून घेऊ."

"तक्रार नोंदवायची असेल तर आमचा वेगळा कक्ष आहे."

"छे छे. त्यांना कशाला त्रास."

तक्रार न आल्यामुळे आम्ही 'समाधानी लाभार्थी' झालो. आणि सॉसेज नाही, पैसा नाही, तरी पोलिसांचा फोन आला की पथक निघतंच आहे, हे दोनदा घडल्यावर निधीने आम्हाला 'आदर्श स्वावलंबी पथक' म्हणून घोषित केलं. बक्षीस म्हणून भलामोठा कापडी फलक पाठवला. त्यावर कमरेइतक्या पाण्यात उभा मर्व्ह, आणि खाली अक्षरं: 'कशाचीही अपेक्षा नाही.' क्लबच्या खोलीत तो मावेना. पण कापड जलरोधक निघालं. गाडीच्या फुटक्या मागच्या काचेवर ते बरोबर बसलं, आणि निधीकडून पथकाला मिळालेली ही पहिली उपयोगी वस्तू ठरली.

आदर्श पथकाचा माहितीपट काढायचा म्हणून टोबायस पुन्हा आला, त्याच दिवशी सकाळी एक दातांचा डॉक्टर हरवला. शहरातला. सुट्टीवर आलेला. बूट उत्तम, नकाशा नाही. खिंडीपलीकडे. पाऊस असा की हेलिकॉप्टर उडेना. राविरी नि मर्व्ह गाडीत बसले, मी नि टोबायसने ढकलून ती उताराला लावली, आणि मी रेडिओसमोर येऊन बसले. टोबायस माझ्या शेजारी.

खिंडीच्या तोंडापर्यंत आवाज येत होता. मग थांबला.

"काय म्हणतायत ते?" टोबायसने विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे सगळं ठीक आहे?"

"म्हणजे खिंड ओलांडली."

"मग आता?"

"आता चहा."

चहा झाला. पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की आम्ही ओरडून बोलत होतो. खिंडीपलीकडची नदी वळसा घालून गावाजवळच समुद्राला मिळते; पुलाखालचं तिचं पाणी गढूळ होऊन वर चढताना खिडकीतून दिसत होतं.

"नदी वाढतेय का?" तो म्हणाला.

"वाढतेय."

"त्यांना माहीत असेल?"

"ते तिच्यातच आहेत बाळा. आपल्याआधी कळलं असेल."

"आपण त्यांना परत बोलावू शकत नाही का?"

मी माइक त्याच्या हातात दिला. "बोलाव की."

त्याने बटण दाबलं. "मर्व्ह, मी टोबायस प्रेंटिस बोलतोय. कृपया परत फिरा." वाट पाहिली. पुन्हा बोलला. तिसऱ्या वेळी 'कृपया' गेलं, आडनावही गेलं. नुसतं "मर्व्ह, मर्व्ह" चाललं होतं, सुटलेल्या कुत्र्याला हाक मारावी तसं. मला त्याची दया आली.

"नाकाने श्वास घे," मी म्हटलं. "समुद्र आठव. शांतवाला."

त्याने माइक ठेवला. "मी हे लिहितो. आजच लिहितो. फक्त नियम असा आहे की साधनाची गरज प्रत्यक्ष वापर करणाऱ्या सदस्याने सांगायला हवी. म्हणजे खिंडीपलीकडे जाणाऱ्याने."

"अरे, पण ऐकू येत नाही हे अलीकडच्यालाच कळणार ना. पलीकडचा तर बिचारा बोलतच असतो."

"ते मी मांडलं होतं कार्यालयात. ते म्हणाले, खिंडीपलीकडून रेडिओ बंद असल्याची एकही तक्रार आजवर रेडिओवरून आलेली नाही."

बोलून झाल्यावर हे वाक्य त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. तो उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

मी मर्व्हची टाचणी धरून बसले होते. खिंडीच्या पुढे ती कुठे टोचायची हे मला कधीच माहीत नसतं, म्हणून हातात धरते.

पाऊस जरा उतरल्यावर खरखर झाली. "किटली ठेव," रेडिओ म्हणाला. आवाज राविरीचा होता.

हे वाक्य नेहमी मर्व्ह म्हणतो. मी किटली ठेवली. तिच्यात पाणी भरायला विसरले, ते टोबायसने भरलं.

गाडी आली. आधी दातांचा डॉक्टर उतरला, ब्लँकेटमध्ये, लंगडत. मग राविरी. मग राविरीच्या खांद्याला धरून मर्व्ह, ओठ निळे, एक हात पट्ट्याने छातीशी बांधलेला.

"काय झालं?" मी विचारलं.

"जरा घसरलो," मर्व्ह म्हणाला.

राविरी मला दाराशी गाठून हळूच म्हणाला, "वाहून चालला होता. आडव्या पडलेल्या झाडाला अडकला म्हणून." मग बुटांकडे बघत म्हणाला, "दोर आता बदलायला हरकत नाही." राविरीच्या तोंडून हे म्हणजे दुसऱ्या कोणी छाती पिटून घेण्यासारखं आहे.

टोबायस मर्व्हच्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसला. "मर्व्ह, मी पाया पडतो तुमच्या. एकदाच म्हणा. रेडिओ चालत नाही, मनोरा हवा. एवढंच. बाकी सगळं माझ्यावर सोडा."

मर्व्हने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याच्याकडे काही मागितलेलं नाही, शेवटी मीही इथलीच. पण त्या दिवशी मागितलं.

"म्हण," मी म्हणाले.

त्याचं तोंड उघडलं. शब्द ओठांपर्यंत आलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. तेवढ्यात त्याची नजर ब्लँकेटात कुडकुडणाऱ्या डॉक्टरवर गेली. तो बिचारा अगदी अवघडून बसला होता, आपल्यामुळे एवढं झालं म्हणून. पाहुण्यासमोर रडगाणं कसं गायचं?

"बऱ्यापैकी," मर्व्ह म्हणाला. "बऱ्यापैकी ऐकू येतं, पोरा."

टोबायसने ते लिहून घेतलं. लिहिताना त्याची मान खाली होती. परत जाताना त्याने स्वतःच्या पैशाने नवा दोर आणून देण्याविषयी काहीतरी पुटपुटून पाहिलं, तर राविरी म्हणाला, "राहू दे, तुलाच लागेल."

दातांचा डॉक्टर चहा पीत होता. "तुम्हाला याचे पैसे कोण देतं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही."

"असं कसं? मी काहीतरी द्यायलाच हवं," म्हणत त्याने खिशात हात घातला.

"छे, राहू दे," मर्व्ह म्हणाला.

हात इतक्या चपळाईने रिकामा बाहेर आला की या माणसाकडे दात काढून घ्यायला मी बेलाशक बसेन. घरी गेल्यावर मात्र त्याने इंटरनेटवर आमच्याबद्दल फार सुंदर लिहिलं. हजारो लोकांनी खाली लाल बदाम टाकले. 'अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय', असं पुष्कळांनी लिहिलं, आणि ते शब्दशः खरं आहे. निधीने त्या बदामांचीही नोंद घेतली. जनता समाधानी, पथक समाधानी, साधनं बऱ्यापैकी. आम्हाला दुसरा फलक मंजूर झाला आहे. गाडीची पुढची काचही जराशी तडकली आहेच.

मर्व्हला हसलात तर हसा. हात गळ्यात आहे तोवर त्याच्या बुटांच्या नाड्या मी बांधते, तेव्हा मीही हसते. पण असं एखादं पथक तुमच्या घरातही असेल. आत्ता ते बहुतेक स्वयंपाकघरात आहे. मघाशी तुम्ही बसल्या जागेवरून त्याला विचारलंत, "काही मदत हवी का?" तिकडून उत्तर आलं, "नको, होतंय." तेवढं ऐकून, निश्चिंत मनाने, तुम्ही ही गोष्ट वाचायला घेतलीत.