तांबड्या खडूचे तात्या

आमचे बबनतात्या लग्नाला आले तरी त्यांच्या खिशात तांबडा खडू असतो. उभी हयात चाकणच्या एका कंपनीत सुटे भाग तपासण्यात गेली. रिटायर झाले, पण तपासणं सुटलं नाही. मांडवाचा खांब तिरका दिसला की त्यावर फुली, आणि वर खणखणीत "रिजेक्ट!"

अशा माणसाच्या गावात, महाळुंग्यात, मी समाजमंदिर बांधायला घेतलं, यावरून माझी अक्कल ओळखावी. तेही साधंसुधं नाही. मुलांना तिथं पर्यावरण शिकवायचं, लागेल तेवढी वीज छपरावरच तयार करायची, एसी अजिबात नाही, गारव्याचं काम वाऱ्यानंच करायचं. हा आराखडा मी निगडीच्या ऑफिसात एसीखाली शाल पांघरून काढला.

बांधकाम संपत आलं आणि तात्या हजर झाले. हॉलच्या मधोमध अगरबत्ती लावून बसायचे. धूर घुटमळला की भिंतीवर फुली. "सायेब, वारं लाजतंय. रिजेक्ट!" मी वरचा झरोका मोठा केला. "आता लईच पळतंय. रिजेक्ट!" मी जाळी बसवली. मग दाराची कडी कुरकुरली, मग पायरी तापली. उद्घाटन लांबत चाललं, आणि वाऱ्यावर व्याख्यानं झोडणारा मी अगरबत्तीला हात जोडू लागलो.

अखेर एका दुपारी धूर संथपणे सरळ झरोक्याबाहेर गेला.

"पास ना?" मी जवळजवळ ओरडलोच.

तात्या खडू बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "पास म्हटलं की तुमी जाणार, गवंडी जाणार. पोरगा-सून कंपनीत. ही व्हती तवर भांडायला तरी कुणी व्हतं. आता घरी भिताडाला रिजेक्ट म्हणून काय उपेग?"

एवढे दिवस मी या माणसाच्या नावानं बोटं मोडत होतो. घसा खाकरून मी व्याख्यानाचा आवाज काढला. "तात्या, पास झालाय तो रिकामा हॉल. मुलं भरली की त्यांच्या अंगाच्या उबेनं वारा बदलतो. तो तपासायला रोज माणूस लागेल."

यात थाप काहीच नव्हती. माझं शास्त्र पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं, एवढंच.

"येतो की," तात्या म्हणाले. मग दाराकडं बघत, हळूच, "रविवारीबी असत्यात का पोरं?"