एक पानाबी आणू नका

पार्वतीबाई लातूरला मुलीकडे कायमच्या राहायला निघाल्या, तेव्हा एसटीच्या खिडकीतून त्यांनी नवऱ्याला शेवटची ताकीद दिली.

"दुकान बंद करा, किल्ली अप्पाच्या हातात ठेवा, आन् रिकाम्या हातानं या. पोरीचं घर हाय ते. तिथं मला दुकानातलं काय बी दिसलं न्हाई पायजे. नट न्हाई, बोल्ट न्हाई. एक पानाबी आणू नका."

"हाव," धम्मानंद जोंधळे म्हणाले.

"मागच्या टायमालाबी हावच म्हणले होते."

गाडी हलली म्हणून धम्मानंद, म्हणजे अख्ख्या गावाचे मामा, वाचले. अर्धापूरच्या बसस्टँडसमोरचं 'समता सायकल मार्ट' बंद करायचं त्यांनी याआधीही ठरवलं होतं. एकदा गुडघा गेला तेव्हा, एकदा मुलीच्या, धम्मप्रियाच्या लग्नानंतर. दोन्ही वेळा शटर खाली ओढताना कुणीतरी सायकल ढकलत आलं होतं. या खेपेला मात्र पार्वतीबाईंनी कच्चा कारभार ठेवला नव्हता. गॅस, पलंग, तवा आणि जाड पांघरूण त्यांच्याबरोबर लातूरला गेलं होतं. घरात मामांसाठी एक चटई आणि एक तांब्या उरला होता. अशा घरात माणूस फार दिवस हट्ट करू शकत नाही.

खरं तर मामांचा हट्टही नव्हता. ते थकले होते. कंबर सकाळी लवकर सरळ होत नव्हती, गुडघे कुलपासारखे अडकत होते. आता शाळेची पोरंही स्कूटीवर जात होती. दुकान बंद होतंय याचं मामांना दुःख झालेलं नव्हतं, पण हे गावात कुणालाच पटत नव्हतं. मामांची इच्छा एवढीच होती की दुपारी जेवावं, आडवं व्हावं आणि आपोआप जाग येईपर्यंत कुणी उठवू नये. आजवर डब्याचं झाकण उघडलं की दारातून हाक यायची, "मामा, हवा!" एका हातात भाकर आणि दुसऱ्या हातात पंप, असंच त्यांचं आयुष्य गेलं होतं.

त्यांनी पुठ्ठ्यावर लिहिलं, 'दुकान कायमचे बंद करणे आहे. माल स्वस्तात मिळेल.' माल घ्यायला कुणी आलं नाही. पुठ्ठ्याचा फोटो काढायला मात्र अर्धं गाव आलं. त्यातले एक डॉक्टर महांतेश बिराजदार. हे मूळचे उदगीरकडचे, अर्धापुरात दवाखाना आणि 'पेडल मित्र मंडळा'चं अध्यक्षपद दोन्ही सांभाळत. मंडळातल्या सगळ्यांनी पहिली सायकल मामांकडूनच घेतली होती. साधी, काळी, घंटी आणि कॅरिअरची. तेव्हा पोटं कमी करायची होती. पोटं होती तिथंच राहिली, पण सायकली बदलल्या. आता सगळ्यांकडे पुण्याहून मागवलेल्या गियरच्या सायकली होत्या, डोक्याला हेल्मेट, हाताला अर्ध्या बोटांचे मोजे आणि बुडाला गादी शिवलेली तंग काळी चड्डी होती.

"मामा, तुमचा सत्कार करायचा ठरलाय," डॉक्टर म्हणाले.

"राहू द्या की डॉक्टर. लई बेजार हाय मी."

"तुम्ही फक्त खुर्चीवर बसायचं."

बसायचंच आहे म्हटल्यावर मामा कबूल झाले, आणि तिथंच घोटाळा झाला. दुकानासमोर सतरंजी पडली, माईक आला, शाल आली, श्रीफळ आलं. केळीचे व्यापारी श्रीमंतराव कदम भाषणाला उभे राहिले. दोन वाक्यं बोलल्यावर त्यांचा गळा दाटला. गळा दाटला की श्रीमंतरावांचा स्वतःवर ताबा राहत नसे.

"मामांनी मला पहिली सायकल दिली," ते म्हणाले. "ती सायकल आज मी मामांच्या चरणी परत करतो! माझी आठवण म्हणून!"

टाळ्या पडल्या. श्रीमंतरावांची जुनी सायकल त्यांच्या पडवीत गेले कित्येक महिने आडवी पडली होती आणि मालकीणबाई रोज तिला अडखळत होत्या, ही गोष्ट भाषणात आली नाही. पण श्रोत्यांमध्ये प्रत्येकाच्या पडवीत एकेक सायकल होती आणि प्रत्येकाच्या घरी एकेक मालकीणबाई होत्या. डॉक्टरांनी लगेच आपलीही सायकल जाहीर केली. मग रामलिंग गुरुजी उठले. अंगावर शाल आणि गळ्यात हार घेऊन बसलेल्या माणसाला माईकवरून दिलेली वस्तू नको म्हणता येत नाही. मामा हात जोडत राहिले. लोकांना वाटलं, गहिवरले.

संध्याकाळपर्यंत दुकानात उभं राहायला जागा उरली नाही. दुसऱ्या दिवशी गावात खबर पसरली की मामा जुन्या सायकली घेऊन राहिलेत. मग कुणी चाकाविना आणली, कुणी हँडलाविना. भाजी विकणाऱ्या कोंडाबाईनं तर नातवाची तीनचाकी शटरच्या फटीतून आत सरकवली आणि मागं न बघता निघून गेली.

रात्री पार्वतीबाईंचा फोन आला. "किती उरलं?"

"उरलं न्हाई," मामा म्हणाले, "वाढलं."

पार्वतीबाई ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या की मामांना बरं वाटे. त्या हळू बोलल्या की ते घाबरत.

"आयतवारी संध्याकाळी किल्ली द्यायची," त्या हळूच म्हणाल्या, "आन् सोमवारी दुपारच्या जेवणाला इथं यायचं. न्हाई तर तिथंच राहा. मी तवाबी धाडणार न्हाई."

मामांनी पंढरी भंगारवाल्याला बोलावलं. पंढरीनं हातगाडी भरली. सगळं सुरळीत झालं असतं, पण मामांना पूर्वी एक खोड होती. विकलेल्या प्रत्येक सायकलीच्या चेन कव्हरवर ते पिवळ्या रंगानं, ब्रशनं, घेणाऱ्याचं नाव लिहून द्यायचे. अक्षर ठसठशीत होतं आणि रंग भारीतला होता. हातगाडी चौकातून चालली तेव्हा श्रीमंतराव पानटपरीवर उभे होते. त्यांना आपलं नाव उलटं होऊन भंगारात जाताना दिसलं. ते डोळे पुसत दुकानात आले.

"मामा, मी तुम्हाला आठवण दिली. तुम्ही मला किलोवर विकून राहिले?"

"तसं न्हाई हो श्रीमंतराव..."

"माझा बाप गेला तेव्हाबी मला एवढं वाईट वाटलं न्हाई."

पंढरीनं मुकाट्यानं नावाच्या सायकली परत उतरवल्या आणि बिननावाचं भंगार घेऊन गेला. जाताना तो म्हणाला, "मामा, हे नावाचं काम देऊ नका मला. गावात माझंबी गिऱ्हाईक हाय." तीनचाकी गेली एवढंच समाधान.

दुकानाचे मालक शिवमूर्ती अप्पा शनिवारी येऊन डोकावले. त्यांच्या सुनेला, सुकन्याला, तिथं केकचं दुकान टाकायचं होतं. फ्रीज सोमवारी यायचा होता आणि उद्घाटनाचं आमंत्रण सगळ्या गावाला फोनवर जाऊन पडलं होतं.

"धम्मानंद, उद्या संध्याकाळी मला दुकान मोकळं पायजे," अप्पा म्हणाले. "तुझा एक खिळाबी आत दिसला न्हाई पायजे."

"माझा खिळा न्हाई राहणार, अप्पा."

सांगितलं खरं, पण करायचं काय ते मामांना कळत नव्हतं. त्या रात्री चटईवर पडून ते नुसते छताकडे बघत राहिले. पार्वतीबाई बोलल्याप्रमाणे वागतात हे त्यांना लग्नापासून माहीत होतं. एकदा त्या चार महिने वेगळ्या चुलीवर स्वयंपाक करत होत्या. आता तर चूलच लातूरला होती.

रविवारी सकाळी पेडल मित्र मंडळानं मामांच्या सन्मानार्थ 'निरोप राइड' काढली. मामांना हिरवा झेंडा दाखवायचा होता. झेंडा नव्हता म्हणून त्यांनी हिरवा टॉवेल हलवला. सगळे गियर कटकट वाजवत कालव्याच्या रस्त्यानं गेले. मामा पायरीवर बसले. पंक्चरचं सगळं सामान त्यांनी आदल्या दिवशीच हिमायतनगरच्या एका माणसाला देऊन टाकलं होतं. आता फक्त या सायकली, एक पंप आणि एक आवडता पाना.

ऊन चढलं तेव्हा मंडळ परत आलं. पण सायकलींवर बसून नाही. सायकली त्यांच्या खांद्यावर होत्या. कालव्याच्या रस्त्यानं कुणीतरी केळीच्या बागेला कुंपण करायला ट्रॅक्टरमागं बाभळीच्या फांद्या फरफटत नेल्या होत्या. बाकी काम काट्यांनी केलं होतं. बारीक टायरची एकही सायकल सुटली नव्हती.

"मामा, पंक्चर!" डॉक्टर धापा टाकत म्हणाले.

"सामान देऊन टाकलं, डॉक्टर. दुकान बंद हाय न्हाई का."

"मग हवा तरी भरा. घरापर्यंत पोचू."

मामांनी पंप काढला. नव्या सायकलींचा व्हॉल्व्ह सुईसारखा बारीक होता. पंपाचं तोंड त्याला धरेना. मामा घामाघूम झाले, हवा मामांच्याच तोंडावर आली.

"पायी जावा की," मामा म्हणाले. "कुठं लांब हाय घर?"

श्रीमंतरावांनी रस्त्याकडे पाहिलं. स्टँडवर हदगावची गाडी लागली होती आणि आठवडी बाजारासारखी गर्दी होती. मग त्यांनी खाली आपल्या चड्डीकडे पाहिलं.

"मामा, सायकलीवर हाय तवर ठीक असतंय हो हे," ते हळूच म्हणाले. "ह्या चड्डीवर पायी चाललो तर उद्या केळी कोण घेईल माझी? कोंडाबाई तर आत्तापासूनच बघून राहिली."

कोंडाबाई खरंच बघत होती. तिनं शेजारणीलाही बोलावलं होतं.

मामांच्या थकलेल्या डोक्यात तेव्हा काहीतरी लखकन चमकलं. त्यांनी शटर पूर्ण वर केलं.

"ह्या घ्या की मग," ते म्हणाले. "तुमच्याच हायेत. नावंबी हायेत वर. जाड टायर, काट्याला दाद देत न्हाईत. हवा मी परवाच भरली, उगी बसवत न्हाई म्हणून."

"पण ह्या आम्ही तुम्हाला दिल्यात, मामा."

"आठवण माझ्याजवळ राहील. सायकल घेऊन जावा."

प्रत्येकानं आपलं नाव वाचून आपली सायकल काढली. श्रीमंतरावांनी बसल्यावर दोनदा घंटी वाजवली आणि त्यांचा गळा पुन्हा दाटला. "उद्या नांदेडहून मिस्त्री बोलावतो, तवर नव्या सायकली इथंच ठेवा," असं सांगून मंडळ ताठ मानेनं बाजारातून निघून गेलं. दुकानात आता चकचकीत, बारीक टायरच्या, हवा गेलेल्या सायकली ओळीनं उभ्या होत्या.

संध्याकाळी अप्पा आले. आत बघून त्यांचा आवाज चढला.

"धम्मानंद! काय बोलला होता तू? हे काय हाय?"

"ह्यात माझं काय बी न्हाई, अप्पा," मामा म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी ते अगदी खरं बोलत होते. "ही डॉक्टरांची. ही गुरुजींची. ही श्रीमंतरावांची."

"मग बाहेर फेकतो!"

"फेका. डॉक्टरांची फेकताना जरा बेतानं. तुमच्या बीपीच्या गोळ्या तेच लिहून देतात न्हाई का?"

अप्पांनी डॉक्टरांच्या सायकलीला लावलेला हात काढून घेतला. मामांनी किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली आणि अप्पा पुटपुटत बाहेर पडले. आवरताना सवयीनं त्यांनी आवडता पाना लेंग्याच्या खिशात टाकला होता. मग बायकोची ताकीद आठवली. त्यांनी तो काढला, टॉवेलला पुसला आणि आतल्या फळीवर ठेवला. त्या क्षणी मात्र त्यांना वाईट वाटलं. सत्कारात आलं नव्हतं ते पाणी आता डोळ्यात आलं, आणि बघायला कुणी नव्हतं.

सोमवारी सकाळी बसमध्ये फोन वाजायला लागला.

"धम्मानंद, फ्रीज दारात उभा हाय! मिस्त्री आला न्हाई! आन् लोक मला म्हणून राहिले, अप्पा, हवा भरता का?"

"पंप दाराच्या मागं हाय," मामा म्हणाले आणि त्यांनी फोन बंद केला. लोह्याच्या पुढं त्यांना डुलकी लागली.

लातूरला दार पार्वतीबाईंनी उघडलं. आधी हात बघितले, मग पिशवी उलटी केली. दोन सदरे, एक टॉवेल आणि श्रीफळ. त्यांचा चेहरा निवळला. त्यांनी गरम भाकरी आणि वरण वाढलं. मामा दोन्ही हातांनी जेवले. आतल्या खोलीत तोच पलंग होता, तेच पांघरूण होतं. मामा आडवे झाले, डोळे मिटले, आणि कानावर आवाज आला. कुई. कुई. कुई.

त्यांनी डोळे उघडले. हॉलमध्ये पार्वतीबाई एका सायकलीवर बसल्या होत्या. पदर खोचलेला, नजर भिंतीवर, पाय चालू. सायकल जागची हलत नव्हती.

"हे काय हाय?"

"गुडघ्यासाठी. डॉक्टरीणबाई म्हणल्या, जेवल्यावर थोडं हिंडा. हितं रस्त्यावर कुठं हिंडावं? म्हणून धम्मप्रियानं घेऊन दिली."

"जाती कुठं ही?"

"कुठंच न्हाई. पण कुईकुई करते बघा. पैडलपाशी ढिली झाली. खालची बाई वर येऊन बोलून गेली." त्या थांबल्या आणि पायानं पैडल हलवून दाखवलं. "आवळता का जरा?"

मामा उठून हॉलमध्ये आले. खाली वाकून त्यांनी नट बोटानं फिरवून पाहिला. बोटानं आवळण्यासारखा नव्हता.

"पाना लागेल," ते म्हणाले.

"मग घ्या की."

"तू म्हणली होती..."

पार्वतीबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू जन्मभर याच माणसाबरोबर त्यांनी दिवस कसे काढले हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

"एवढी वर्षं सायकलचं दुकान चालवलं," त्या म्हणाल्या, "आन् एक पाना आणता आला न्हाई तुम्हाला?"

मामा आत गेले. ते पलंगाच्या कडेवर बसले आणि अप्पांना फोन करून पाना एसटीनं पाठवायला सांगावं म्हणून त्यांनी बंद फोन सुरू केला. नंबर लावायच्या आधीच तो वाजला.